अनुभव मागतात, मोजत नाहीत

परदेशी रुग्णालयाची नर्सभरतीची कुठलीही जाहिरात उघडा, एक ओळ बहुतेक वेळा सापडतेच : नोंदणीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. कुणी एक वर्षावर भागवतं, आयसीयू किंवा ऑपरेशन थिएटरसाठी कुणी तीन मागतं. ओळ ठळक अक्षरांत असते. खाली भाषेच्या परीक्षेचे गुण, मुलाखतीची तारीख, विमानाचं तिकीट कोण काढणार वगैरे तपशील. निवड होते, व्हिसा येतो, नर्स तिथे पोचते आणि पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी हातात पडते. त्या चिठ्ठीवर ती कालपरवा पास होऊन आलेल्या मुलीच्या शेजारच्या पायरीवर उभी असते. मधल्या सात-आठ वर्षांच्या नाइट ड्युट्या, हाताखालून गेलेले शेकडो पेशंट, डॉक्टर यायच्या आत तिनं सावरलेल्या केसेस, यांचा त्या कागदावर मागमूसही नसतो.

मी स्वतः बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि आता परदेशी जाणाऱ्या नर्सना तिथल्या परीक्षांसाठी तयार करते. त्यामुळे 'नर्सनी परदेशी जावं का?' हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. मला तो प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो. देश सोडते म्हणून इकडचे तिला बोल लावतात आणि तिकडचे ती त्यांच्या जागा घेते म्हणून नाक मुरडतात. दोन्हीकडे उलटतपासणी तिचीच. मधल्यामध्ये एक मोठा व्यवहार पार पडतो, एका देशानं घडवलेला अनुभव दुसरा देश घेतो, आणि त्याची किंमत ना तिला मिळते ना तिला घडवणाऱ्या देशाला. भांडायचं तर त्या किमतीवरून भांडावं असं माझं म्हणणं आहे.

आधी पसारा केवढा आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात सुमारे २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि तरीही ५८ लाख कमी पडत होत्या. जगातल्या ७८ टक्के नर्सेस ज्या देशांत आहेत, तिथे जगाची निम्मीच लोकसंख्या राहते. दर सात नर्समागे एक परदेशात जन्मलेली आहे, आणि श्रीमंत देशांत हे प्रमाण २३ टक्क्यांवर जातं. म्हणजे तिथल्या साधारण दर चौथ्या खाटेशी उभी असलेली नर्स बाहेरून आलेली. ब्रिटनमध्ये २०२२-२३ या वर्षात नर्सिंगच्या नोंदवहीत नव्यानं नाव लागलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणी परदेशात शिकलेल्या होत्या. पुढच्या काही वर्षांत तो ओघ झपाट्यानं ओसरला, कारण धोरण बदललं आणि जागा आटल्या. पाणी हवं तेव्हा तोटी सोडायची, नको तेव्हा बंद करायची. तोटीच्या त्या टोकाला कुणीतरी घरदार विकून परीक्षेची तयारी करत बसलेलं असतं, हे ज्याच्या हातात तोटी आहे त्याला दिसत नाही.

अनुभव नेमका गळतो कुठे? एका जागी गळत नाही, थेंबाथेंबानं गळतो.

जपानचं उदाहरण मी नेहमी देते. जपाननं २००८ पासून आर्थिक भागीदारीच्या करारांतून आधी इंडोनेशियाच्या आणि मग फिलिपिन्सच्या नर्सेस घ्यायला सुरुवात केली. अट अशी की मायदेशात नोंदणी झालेली हवी आणि काही वर्षांचा अनुभवही हवा. मात्र जपानी राष्ट्रीय परीक्षा पास होईपर्यंत त्यांनी तिथल्या रुग्णालयात मदतनीस म्हणून काम करायचं. २००९ साली अशा ८२ जणी परीक्षेला बसल्या, पास एकही नाही. २०१० साली २५४ बसल्या, तिघी पास. त्याच परीक्षेत एकूण उमेदवारांतले दहातले नऊ पास होत होते. या मुलींना नर्सिंग येत नव्हतं का? बेडसोरसाठी जपानीत जो पाठ्यपुस्तकी शब्द आहे, त्याची चित्राक्षरं इतकी गिचमिड आहेत की तो शब्द तेव्हाच्या वादात उदाहरण म्हणून वारंवार पुढे आला. बेडसोर कशानं होतो, पेशंटला दर किती तासांनी कूस बदलून द्यायची, पाठीची कातडी लाल दिसली की काय करायचं, हे ज्या नर्सला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, ती त्या दोन अक्षरांपाशी अडखळत होती. पुढे सरकारनं प्रश्नपत्रिकेची भाषा सोपी केली, अवघड अक्षरांवर उच्चार छापले, रोगांची इंग्रजी नावं जोडली, वेळ वाढवून दिला. निकाल सुधारले. म्हणजे आधीची परीक्षा बरंचसं काहीतरी दुसरंच तपासत होती, हे त्यांनीच एका अर्थी कबूल केलं. पण मधल्या वर्षांत ज्या जणी अंथरुणं बदलत राहिल्या आणि मुदत संपल्यावर परत गेल्या, त्यांची ती वर्षं कुणी भरून दिली नाहीत.

जर्मनीत अशी सरसकट परीक्षा नाही, तिथे कागदांची छाननी होते. तुमच्या अभ्यासक्रमात कुठला विषय किती तास शिकवला, प्रत्यक्ष वॉर्डातलं शिक्षण किती तास, हे तिथल्या शिक्षणाशी ताडून पाहतात. युरोपीय संघाचा सामायिक मापदंड किमान तीन वर्षं आणि ४,६०० तासांचा आहे, त्यातले निम्मे तास तरी प्रत्यक्ष रुग्णांजवळ घालवलेले हवेत. कमी पडलं की एक पत्र येतं, त्याला नर्सेसच्या बोलण्यात सरळ 'डेफिझिट' म्हणजे तूट म्हणतात. मग एक तर तिथे पूरक प्रशिक्षण करा किंवा परीक्षा द्या. मध्यंतरी मदतनीसाच्या जागेवर, मदतनीसाच्या पगारावर काम. नियमात नोकरीतला अनुभव विचारात घ्यायची सोय आहे, पण तो सिद्ध करणारा कागद लागतो आणि तो कागद बहुतेकींकडे नसतो. या कागदाकडे मी शेवटी परत येणार आहे.

ब्रिटनची वाट वेगळी. संगणकावरची एक परीक्षा, आणि मग प्रात्यक्षिक. त्या प्रात्यक्षिकाला सगळ्याजणी 'ऑस्की' म्हणतात. दहा स्टेशनं. कुठे नट पेशंट बनून बसलेला, कुठे पुतळा, कुठे नुसता कागद. मी ज्या मुलींना तयार करते, त्यांतल्या नवख्या मुली इथे पटकन पास होतात आणि जुन्याजाणत्या अडकतात, हे प्रथम पाहिलं तेव्हा मला नवल वाटलं होतं. कारण कळायला वेळ लागला नाही. तिथे केलेलं काम बोलून दाखवावं लागतं. 'मी आता हात धुते आहे, मी आता पेशंटचं नाव आणि जन्मतारीख पडताळते आहे, मी आता औषधाची मुदत पाहते आहे.' बारा वर्षं काम केलेली सिस्टर हे सगळं करते, पण तिचे डोळे आणि हात ते करतात, तोंड नाही. पुतळ्याची नाडी बघताना ती गप्प असते. गुण देणाऱ्याच्या कागदावर तो चौकोन रिकामा राहतो. अनुभव म्हणजे काय, याची इतकी चोख व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही : जे सवयीनं इतकं मुरलं की बोलायचं राहून जातं. आणि परीक्षा नेमकी ते बोलून दाखवा म्हणते.

आता इथे कुणी म्हणेल, मग काय परीक्षाच नको? पेशंटच्या जिवाशी खेळ आहे. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. वॉर्ड सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात आणि ॲड्रिनलिनला एपिनेफ्रिन, आणि कोड ब्लूच्या, म्हणजे पेशंटचं हृदय थांबलं की होणाऱ्या, धावपळीत शब्दकोश उघडायला वेळ नसतो. ब्रिटनच्या वॉर्डात श्वास, नाडी, रक्तदाब यांना गुण देऊन एक बेरीज काढतात आणि ती बेरीज एका आकड्यापुढे गेली की नर्सनं कुणाला बोलवायचं हे ठरलेलं असतं. ते न शिकता रुजू होणं धोक्याचं आहे. जर्मनीत पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं हे नर्सचं मुख्य काम मानतात. जिथे हे काम नातेवाईक किंवा आया करतात अशा व्यवस्थेतून पदवी घेऊन आलेल्या मुलीला पहिले महिने 'मला मोलकरीण केलं' असं वाटत राहतं. तिचा तो अपेक्षाभंग मी समजू शकते, पण तिच्याशी पूर्ण सहमत नाही. पेशंटची पाठ पुसताना जे दिसतं ते चार्टमध्ये दिसत नाही. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे डॉक्टरांना 'हा डोस मला बरोबर वाटत नाही' असं तोंडावर सांगणं. जिथे मोठ्या डॉक्टरांसमोर नर्सनं उभं राहायचं आणि ऐकायचं असतं, तिथून आलेल्या नर्सला हे वाक्य शिकायला औषधशास्त्रापेक्षा जास्त वेळ लागतो.

तेव्हा तपासा, शिकवा, सहा महिने कुणाच्या तरी नजरेखाली ठेवा. भाषाही तपासा, पण कामाची. आयईएलटीएस या सगळ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत नर्स एखाद्या सामाजिक प्रश्नावर निबंध लिहिते, खास आरोग्यसेवकांसाठीच्या ओईटीत ती पेशंटला दुसऱ्या संस्थेकडे पाठवण्याचं पत्र लिहिते. दोन्हींतलं कुठलं वॉर्डात उपयोगी पडेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ब्रिटनच्या नर्सिंग परिषदेनं २०२३ पासून थोड्या गुणांनी हुकलेल्यांसाठी, तिथेच काम करत असतील तर, वरिष्ठांचा दाखला भाषेचा आणखी एक पुरावा म्हणून धरायला सुरुवात केली. योग्य पाऊल. अमेरिकेची नर्सच्या परवान्यासाठीची एनसीएलएक्स परीक्षा तर उत्तरांप्रमाणे प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत नेते. कुणाला ८५ प्रश्नांत निकाल लागतो, कुणाला १५० पर्यंत जावं लागतं. तिच्यावर टीका करायला पुष्कळ जागा आहे, पण निदान ती मायदेशी शिकलेल्या आणि परदेशी शिकलेल्या दोघींना एकच मोजपट्टी लावते.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. सुरक्षिततेसाठी परीक्षा घेतली आणि ती पास झाली. मग पगार शून्यापासून का? परीक्षेनं तर हेच सिद्ध केलं की ती काम जाणते. ब्रिटनच्या सरकारी सेवेत नर्सचे पगार 'बँड'वर ठरतात. नोंदणी होईपर्यंत तिला खालच्या बँडवर ठेवतात आणि नोंदणी झाली की बँड पाचवर आणतात, जिथे नुकती पदवी घेतलेली स्थानिक मुलगी असते. काही रुग्णालयं आधीची वर्षं धरतात, बरीच धरत नाहीत, आणि ज्या विचारत नाहीत त्यांची तर नाहीच नाही. गंमत अशी की वॉर्डात मात्र तो अनुभव पहिल्या आठवड्यापासून वापरला जातो. शीर सापडत नाही, बोलवा तिला. पेशंटचा रंग बदललाय, बघ गं जरा. रात्री तीन वाजता तिचं वय, तिची वर्षं, सगळं मोजलं जातं, आणि महिनाअखेरीस विसरलं जातं. कोविडच्या पहिल्या लाटेत अमेरिकेतल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो सुमारे चार टक्के होत्या. तिथल्या नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेच्या सप्टेंबर २०२० च्या मोजणीत कोविडनं मेलेल्या नर्सेसमध्ये त्या जवळजवळ एकतृतीयांश निघाल्या. खाटेशी, आयसीयूत, जिथे धोका जास्त तिथे त्या जास्त होत्या.

हे आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि कॅरिबियन बेटांवरून तरुणी नर्सिंगसाठी बोलावल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना पूर्ण पात्रतेच्या अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमाकडे वळवलं गेलं. फरक त्यांना नीट सांगितलाही गेला नाही. तिथे ती पात्रता म्हणजे आयुष्यभर खालची पायरी, आणि कॅरिबियनमध्ये परतावं तर तिला पुरेशी मान्यता नाही. परतीचा पूलच काढून घेतलेला.

आणि अनुभव मोजताच येत नाही, असं कुणी म्हणू नये. ऑस्ट्रेलियानं २०२५ पासून नियम केला की ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, सिंगापूर, स्पेन अशा काही ठिकाणी नोंदणी करून १,८०० तास काम केलेल्या नर्सला परीक्षेशिवाय नोंदणी मिळेल. म्हणजे तास मोजता येतात. प्रश्न फक्त कुठल्या घड्याळावरचे तास खरे मानायचे, एवढाच. एखादी नर्स मनिला किंवा नैरोबीतल्या मोठ्या रुग्णालयात दहा वर्षं काम करते, ते तास बाद. तीच नर्स डब्लिनमध्ये वर्षभर काम करते, ते तास चालतात. न्यूझीलंडमध्ये आधी नोंदणी करून परस्पर-मान्यतेच्या करारानं ऑस्ट्रेलियात शिरणाऱ्या नर्सेसची गर्दी त्यामुळेच झाली होती. लोक आडवाट शोधतात तेव्हा सरळ वाटेत काहीतरी आडवं पडलेलं असतं.

आता मायदेशाची बाजू. इथे माझ्याच ओळखीच्या लोकांशी माझे खटके उडतात.

नर्सेस गेल्या की मागे वॉर्ड रिकामे पडतात, ही तक्रार खोटी नाही. १९९७ साली नेल्सन मंडेला यांनी ब्रिटनला आमच्या नर्सेस ओढून नेऊ नका असं सांगितलं होतं. त्यानंतर ब्रिटननं आचारसंहिता केली. २०१० च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेनं सगळ्या देशांसाठी आंतरराष्ट्रीय भरतीची संहिता मंजूर केली. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ५५ देशांची एक यादी केली, जिथे आरोग्यसेवकांची टंचाई इतकी आहे की तिथून सक्रिय भरती करू नये. संहिता ऐच्छिक आहे, म्हणजे मोडली तरी कुणी कान पकडत नाही. शिवाय रुग्णालयानं तिथे जाऊन भरती करायची नाही, पण त्या देशातल्या नर्सनं स्वतःहून अर्ज केला तर चालतो. तसं असायलाच हवं. माणसाला जाण्याचा हक्क आहे आणि जन्म टंचाईच्या देशात झाला म्हणून तो कमी होत नाही.

पण या हक्काला वळसा घालायचे मार्ग सरकारांनी शोधून काढले आहेत. नर्सला परदेशी नोंदणी करायची तर मायदेशाच्या कौन्सिलचं पडताळणीपत्र लागतं, आणि ते पत्र अडवलं की माणूस अडला. नायजेरियाच्या नर्सिंग परिषदेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं की पात्रतेनंतर दोन वर्षं देशात काम केल्याशिवाय पडताळणी मिळणार नाही. नर्सेस रस्त्यावर उतरल्या. मला त्यांचा राग कळतो, तरी त्या निर्णयात एक सत्य लपलेलं आहे : दोन वर्षांच्या अनुभवाला किंमत आहे हे त्या सरकारला कळलं होतं. फक्त ती किंमत त्यांनी घेणाऱ्याकडून वसूल करायच्या ऐवजी नर्सकडून वसूल केली. फिलिपिन्सनं तर २०२१ च्या फेब्रुवारीत कोविडच्या लशी मिळाल्या तर ब्रिटन आणि जर्मनीसाठी नर्सेसवरची वार्षिक मर्यादा उठवू, असं उघड सांगितलं. ब्रिटननं तो सौदा नाकारला. लोकांनी तेव्हा 'माणसांचा सौदा' म्हणून नाकं मुरडली. मीही मुरडलं. पण नंतर वाटलं, त्यांनी निदान मोठ्यानं म्हटलं की याची काही किंमत असते. बाकीचे देश ती गुपचूप फुकट सोडतात.

'देशानं शिकवलं आणि ती पळाली' हे वाक्य मला विशेष खटकतं, कारण त्यात अर्धाच हिशोब असतो. एक तर कितीतरी जणी खासगी कॉलेजात स्वतःच्या कुटुंबाच्या पैशानं, कर्जानं शिकलेल्या असतात. दुसरं, टंचाईच्याच देशात नर्सेस बेकार असतात, हे विचित्र दृश्य आफ्रिकेत आणि आशियात अनेक ठिकाणी दिसतं. वॉर्डात माणूस हवा असतो, पण मंजूर पदाला पैसा नसतो. महिनोन्महिने नेमणुकीची वाट पाहून जी गेली, तिनं रिकामी केली ती खुर्ची मुळात होतीच कुठे? आणि तिसरं, ती पैसे पाठवते ते घरी जातात. भावाची फी भरली जाते, घराला पत्रा नाहीतर स्लॅब पडतो. ज्या वॉर्डानं तिला घडवलं त्याला त्यातला छदामही मिळत नाही. त्यामुळे 'पैसे येतात ना, मग फिटलं' हेही चालणार नाही.

वॉर्डाचं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी. नवी मुलगी गेली तर पुढच्या बॅचमधून दुसरी येते. पण दहा वर्षांची इन्चार्ज सिस्टर गेली की त्या बॅचला शिकवणारी गेली. पुस्तकात नसलेलं जे ती हँडओव्हरच्या पाच मिनिटांत सांगून जायची, 'तीन नंबर गप्प झालाय, लक्ष ठेव', ते सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून भरपाई द्यायची तर डोक्यामागे देऊन उपयोग नाही, वर्षांमागे द्यायला हवी. ज्या देशानं दहा वर्षांची नर्स घेतली, त्यानं मागच्या देशात दोन मुलींच्या शिक्षणाचा आणि एका शिकवणाऱ्या सिस्टरच्या पगाराचा खर्च उचलावा. आणि तीच दहा वर्षं तिच्या पगाराच्या पायरीत धरावीत. दोन्ही हिशोब एकाच आकड्यावर उभे राहतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७७ सालच्या नर्सिंगविषयक शिफारशीत परदेशी नर्सला स्थानिक नर्सच्या बरोबरीनं वागवावं असं नमूद आहेच. नवीन काही मागायचं नाही, जुनंच अमलात आणायचं आहे.

हे फार खर्चिक होईल, मग नर्सना बोलावणारच नाहीत, असा एक आक्षेप येतो. येऊ द्या. नर्स तयार करायला तीन-चार वर्षं आणि पुष्कळ पैसा लागतो, म्हणून तर तयार नर्स बाहेरून आणतात. ती आणणं फुकट असेल तोवर स्वतःच्या मुलींना शिकवायची, त्यांना टिकवायची कुणाला गरज वाटेल? खर्च वाढला की दोन्ही देशांतली सरकारं आपापल्या नर्सच्या पगाराकडे पाहतील.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर बॉण्डबद्दल बोलायला हवं. श्रम संघटनेचा १९९७ चा करार सांगतो की भरती करणाऱ्या खासगी एजन्सीनं कामगाराकडून शुल्क घेऊ नये. एजंट म्हणतात आम्ही घेतच नाही, आणि खरंच काही घेत नाहीत. मग करारात एक कलम येतं : दोन-तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर तिकीट, व्हिसा, परीक्षा, प्रशिक्षण यांचा खर्च परत करावा लागेल. थोडाफार प्रत्यक्ष खर्च, तोही महिन्यागणिक कमी होत जाणारा, इथवर मी मान्य करेन. पण आकडा फुगवून दंडासारखा वापरला की ती बेडी होते. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली दहा फिलिपिनो नर्सेसनी कराराप्रमाणे वागवलं नाही म्हणून एकत्र राजीनामे दिले. त्यांच्यावर आणि त्यांना सल्ला देणाऱ्या वकिलावर पेशंटचा जीव धोक्यात घातल्याचे फौजदारी आरोप ठेवले गेले. वरच्या न्यायालयानं २००९ साली तो खटला थांबवला. त्याच मालकांविरुद्धच्या दुसऱ्या दाव्यात २०१९ साली संघीय न्यायाधीशांनी सांगितलं की लवकर सोडल्यास २५,००० डॉलर भरा हे कलम लागू करता येणार नाही आणि अशा धाकानं काम करून घेणं मानवी तस्करीविरोधी कायद्याचा भंग ठरतो. मानवी तस्करी हा शब्द पांढऱ्या कोटाच्या, व्हिसावर आलेल्या, पदवीधर नर्सच्या संदर्भात वापरला गेला, हे प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला एकदा तरी वाचून दाखवावं.

ज्या निघाल्या आहेत त्यांना मी जाऊ नका म्हणत नाही. जा. करार स्वतः वाचा, एजंटनं समजावला तेवढ्यावर सही करू नका. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. कॉलेज सोडतानाच ट्रान्सक्रिप्टमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या अधिकृत तपशीलपत्रात, विषयवार तास लिहून घ्या, कारण दहा वर्षांनी ते कॉलेज असेलच असं नाही. आणि मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे का?' असं ते विचारतात, तेव्हा हवामान कसं आहे हे विचारू नका. विचारा : माझी आधीची वर्षं पगाराच्या कुठल्या पायरीवर धरणार?

माझ्याकडे शिकलेल्या एकीनं ते विचारलं. नऊ वर्षांची सिस्टर, त्यातली सहा आयसीयूत. पलीकडे पडद्यावर तिघे होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि 'कळवतो' म्हणाले. तिला वाटलं नोकरी गेली. दहा दिवसांनी उत्तर आलं : वर्षं धरू, पण कुठल्या विभागात किती काळ, कुठली यंत्रं हाताळली, किती खाटांची जबाबदारी, हाताखाली किती जणी, हे रुग्णालयाच्या सहीशिक्क्यानं हवं. तिच्याजवळ अनुभवाचा दाखला होता. मी तो मागवून पाहिला. दोन ओळी. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत स्टाफ नर्स म्हणून काम केले. वर्तणूक चांगली.

नऊ वर्षं, आणि 'वर्तणूक चांगली'. आपल्याच माणसांनी लिहिलेलं.

ती दाखला घेऊन मेट्रनकडे परत गेली. मेट्रन मॅडम आधी चिडल्या, आमच्याकडे हाच नमुना आहे, सगळ्यांना हाच देतो. मग म्हणाल्या, बस. जुनी ड्युटी रजिस्टरं काढायला लावली आणि दोघी दुपारभर महिने मोजत बसल्या. मधेच मॅडमनी स्वतःचा जुना दाखला कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवला. त्यातही त्याच दोन ओळी होत्या.